चावी, नग एक

भीमराजनी गवत कापायच्या मशीनचा पहिला नट सोडवला आणि तो राहीबाईंच्या पातेल्यात टाकला. पुढच्या सात दिवसांत जे रामायण झालं त्याचा दोष त्यांनी मशीनला दिला, स्प्रिंगला दिला, पाहुण्यांना दिला, पण पातेल्याला कधी दिला नाही. वास्तविक सुरुवात तिथूनच झाली.

राहीबाई म्हणजे भीमराजांची थोरली बहीण, पाथर्डीकडं दिलेली. भावाच्या लग्नात तिनं हे पातेलं दिलं आणि देण्याआधी त्यावर ‘चि. भीमराज यास, राहीबाईकडून’ असं ठळक कोरून घेतलं. जयमालाच्या फळीवर अशी नावं घातलेली पंचवीसेक भांडी होती. लग्नातली, लेकीच्या म्हणजे भारतीच्या नामकरणातली, कुणाकुणाच्या कार्यातली. काकासाहेबांचा डबा, छबूबाईंचा तांब्या, लंकाबाईंची परात. भीमराजांना हे सगळं एकदम सोयीचं वाटलं. वर्कशॉपात सुटे भाग ठेवायला नंबर घातलेले खोके असायचे. पण ते एकतीस मार्चला रिटायर झाले आणि वर्कशॉप सुटलं. घरात नंबरांऐवजी नावं होती, एवढाच काय तो फरक. त्यांनी वही काढली आणि लिहिलं: गिअरचे नट, आक्काचं पातेलं. क्लच, काकासाहेबांचा डबा. ब्रेक, छबूबाईंचा तांब्या.

“अहो! माझी भांडी!” जयमाला दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात लाटणं होतं. ती चपात्या करत होती म्हणून होतं, पण भीमराज जरा मागं सरकले.

“सात दिवसांचा प्रश्न हाय, जयमाला. रविवारी मशीन चालू झालं की सगळी भांडी घासून तुझ्या हातात.”

“तेलाचं हाय सगळं. आक्का आल्या म्हंजे?”

“आक्का कशाला येतीय या उन्हात?”

हे वाक्य त्यांनी उच्चारायला नको होतं.

मशीन जुनं होतं. साखर कारखान्याच्या गेस्ट हाऊसपुढच्या हिरवळीसाठी कुणा हौशी साहेबानं ते परदेशातून मागवलं होतं. आपल्याकडं बैलामागं माणूस चालतो तसं या मशीनमागं नुसती मूठ धरून चालायचं. ते स्वतःच पुढं जायचं आणि जाता जाता गवत कापायचं. एकोणीसशे शहात्तरपर्यंत ते चाललं. त्या साली चाकाचा शाफ्ट खोलला आणि तेव्हापासून वीस वर्षं ते भंगाराच्या शेडमध्ये पडून होतं. कारण एकच. त्याची चावी हरवली.

चावी म्हणजे कुलपाची नव्हे. शाफ्ट आणि त्यावरचं दातेरी चाक एकमेकांत घट्ट बसावं म्हणून मधल्या खाचेत नखाएवढा अर्धगोल लोखंडी तुकडा ठोकतात, त्याला फिटर लोक चावी म्हणतात. ती नसली तर इंजिन नुसतं धडधडतं आणि मशीन जागचं हलत नाही. नवी चावी कानशीनं घासून करायला भीमराजांना फार तर दोन तास लागले असते. पण ते म्हणाले, “स्टोअरनं हरवली, स्टोअरनं आणावी.” स्टोअरकीपर राधाकृष्ण म्हणाले, “स्टोअरनं दिली. फिटरनं बसवावी.” झालं! भीमराजनी कागदावर ‘दुरुस्त होण्यासारखे नाही’ असं लिहून खाली सही ठोकली आणि मशीन शेडमध्ये गेलं.

तेवढ्यावर थांबले असते तरी बरं. पण भर कँटीनमध्ये, दीडशे माणसांदेखत भीमराज म्हणाले, “ज्याला एक चावी सांभाळता येत नाही त्याच्या हातात स्टोअर द्यायचं म्हणजे कारखाना विकायला काढायचा.” राधाकृष्ण तेव्हा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि ते उठून गेले. दोघं एका ताटात जेवलेले, पोरं एकमेकांच्या घरात वाढलेली. त्या दिवसापासून बोलणं बंद. कॉलनीत समोरासमोर आले की भीमराज आकाशाकडं बघत आणि राधाकृष्ण चपलेकडं.

सेवापूर्तीच्या समारंभात साहेबांनी विचारलं, “भीमराज, कारखान्यानं आठवण म्हणून तुम्हाला काय द्यावं?” माणसं अशा वेळी भिंतीवरचं घड्याळ मागतात. भीमराज म्हणाले, “शेडमधलं गवताचं मशीन द्या.” आणि वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “क्वार्टर सोडायच्या आधी, अठ्ठावीस एप्रिलच्या रविवारी, गेस्ट हाऊसच्या हिरवळीवर चालवून दाखवतो. मशीन कधीच मेलं नव्हतं. ज्याला बघायचं त्यानं यावं.” हे ‘ज्याला’ कोण ते सगळ्या कॉलनीला कळलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या सहीनं मेलेलं हे एकच मशीन. ते जिवंत करायचं आणि चूक स्टोअरची होती हे राधाकृष्णच्या नाकावर टिच्चून सिद्ध करूनच गाव सोडायचं, असं भीमराजांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. नवी चावी तर त्यांनी आधीच घासून ठेवली होती.

सोमवारी मशीन खोललं. मंगळवारी दुपारी पाथर्डीच्या एसटीनं राहीबाई आल्या. बरोबर बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची पिशवी आणि दमलेली नजर. ती नजर मात्र पाणी पिऊन होताच थेट फळीवर गेली.

राहीबाईंचा एक नेम होता. भावाकडं आलं की आमटी आपल्याच पातेल्यातून वाढून घ्यायची. मागं एकदा पातेलं दिसलं नाही, तर ते मोडीत घातलं असणार असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि दोन वर्षं भावाचं तोंड बघितलं नाही. पातेलं तेव्हा मोडीत गेलंच नव्हतं, शेजारी लग्नाला गेलेलं होतं. पण हे त्यांना सांगणार कोण?

“जयमाला, माझं पातेलं गं?”

“हाय की आक्का, मागं घासायला ठेवलंय,” जयमाला म्हणाली आणि वाऱ्यासारखी मागच्या दारी गेली. पातेल्यात गिअरचे नट होते. तिनं ते लंकाबाईंच्या परातीत ओतले, पातेलं राखेनं, चिंचेनं आणि शेवटी साबणानं तीनदा घासलं आणि आमटी वाढली.

राहीबाईंनी पहिला भुरका घेतला. “आमटीला वास कसला येतोय?”

“नवा मसाला हाय,” भीमराज म्हणाले.

“पेट्रोलचा?”

“आक्का, तुझं वय झालं. नाक काम करीत न्हाई.”

“नाक लई चांगलं हाय माझं. रिटायर तू झालास, मी न्हाई,” राहीबाई म्हणाल्या. आमटी मात्र त्यांनी दोनदा घेतली.

बुधवारी त्या गेल्या आणि गुरुवारी काकासाहेब आले. हे जयमालाचे धाकटे बंधू, नेवाशाकडचे. कांद्याची गोणी जीपच्या टपावरून उतरवून अंगणात टाकली आणि घामानं निथळत ओसरीवर बसले. “ताई, माझा डबा काढ. लाडू तर केले असशील.”

डब्यात क्लच होता.

जयमालाची त्या वेळची अवस्था काय सांगावी! ओसरीवर भाऊ, डब्यात क्लच, परातीत नट. नवरा भर उन्हात अंगणात मशीनखाली पालथा. तिनं विचार केला की क्लच छबूबाईंच्या तांब्यात घालावा. पण तांब्यात ब्रेक. मग ब्रेकसाठी रिकामं भांडं हवं. फळीवर एकही रिकामं नव्हतं. तिनं स्टूल ओढलं, सगळ्यात वरच्या फळीवर मागं हात घातला आणि एक वाटी खाली काढली. वाटी चांगली मोठी, कढी प्यायची. कागदात गुंडाळलेली, वर वीस वर्षांची धूळ. कागद अर्धामुर्धा फाडून तिनं तांब्यातला ब्रेक वाटीत ओतला, डब्यातला क्लच तांब्यात ओतला आणि डब्यात लाडू भरले.

“ताई, मेलीस का गं आत?”

“आले आले!”

पण जयमाला नुसती ओतून गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. काकासाहेब लाडू खाऊन आडवे झाल्यावर तिला ते काळेकुट्ट भाग बघवेनात. तिनं तांब्यातले आणि वाटीतले सगळे भाग चिंच लावून घासले, स्वच्छ धुतले आणि कुरडया घालाव्या तसे खाटेवरच्या पांढऱ्या धोतरावर उन्हात वाळत घातले. संध्याकाळी वाळल्यावर जिकडचं तिकडं भरलं. म्हणजे तिच्या मते जिकडचं तिकडं.

शुक्रवारी भीमराज वही घेऊन मशीन जोडायला बसले. त्यांनी राहीबाईंचं पातेलं मागितलं. त्यात आमटी होती.

“जयमाला! गिअरचे नट?”

“लंकाबाईंच्या परातीत ठेवले हुते.”

“आणि काकासाहेबांच्या डब्यात क्लच…”

“लाडू हायत. क्लच तांब्यात.”

“तांब्यात ब्रेक हाय. वहीत लिवलंय.”

“वहीला काय विचारता, मला विचारा. ब्रेक वाटीत हाय.”

भीमराजनी वही बंद केली आणि कपाळाला हात लावला. चौतीस वर्षं त्यांनी वर्कशॉपात शिस्त पाळली होती. एक नट इकडचा तिकडं झाला तर पोरांना उन्हात उभं केलं होतं. आता त्यांचा सगळा गिअरबॉक्स सासर-माहेरच्या जाण्या-येण्यात मिसळला होता. पण माघार घेतील तर ते भीमराज कसले. त्यांनी जयमालाला समोर पाटावर बसवलं.

“सांग. मंगळवारी आक्का आली. तिथून सुरू कर.”

आणि काय सांगावं, जयमालाला सगळं आठवत होतं! आक्कांनी आमटी दुसऱ्यांदा मागितली तेव्हा दोन वायसर पातेल्याच्या कानात अडकलेले निघाले, ते चहाच्या गाळणीत ठेवलेत. काकासाहेबांनी कांदे ठेवायला परात मागितली, तेव्हा नट पिठाच्या चाळणीत गेलेत. मोठी साखळी लोणच्याच्या बरणीमागं हाय. वहीत नव्हतं एवढं तिच्या डोक्यात होतं. भीमराज एकेक भाग बसवत गेले आणि मनातल्या मनात म्हणाले की या बाईला वर्कशॉपात घेतलं असतं तर आपण हेड फिटर झालोच नसतो.

एकाच ठिकाणी गाडं अडलं. दोन स्प्रिंगा होत्या, एक क्लचची, एक ब्रेकची. दोन्ही धोतरावर शेजारी शेजारी वाळल्या होत्या. दोन्ही चिंचेनं चकचकीत.

“यातली तांब्यातली कोणती?”

जयमालानं दोन्ही हातात घेतल्या, उलटसुलट केल्या. “ही. न्हाई… ही.”

“नक्की?”

“अहो, स्प्रिंग हाय ती. तिला काय नाव कोरलंय?”

भीमराजनी एक इकडं बसवली, एक तिकडं.

शनिवारी दुपारी मशीन उभं राहिलं. हिरवा रंग दिलेला, पातं धार लावून लखलखीत. भीमराज दोन पावलं मागं जाऊन बघत होते आणि त्यांचा ऊर भरून आला होता. खाली वर्तमानपत्र पसरलं होतं ते उचलायला ते वाकले, आणि तिथं एक भाग उरलेला दिसला.

फिटरला साप दिसला तर तो काठी शोधतो. मशीन जोडून झाल्यावर उरलेला भाग दिसला की त्याचे पायच गळतात. भीमराजनी तो उचलला. नखाएवढा अर्धगोल तुकडा. चावी.

त्यांनी मशीनकडं बघितलं. घासून केलेली नवी चावी शाफ्टमध्ये स्वतःच्या हातानं ठोकली होती. खात्री करायला शाफ्ट पुन्हा खोलला. होती. मग ही कुठली? या मशीनला चावी एकच लागते. त्यांनी चष्मा लावला, तुकडा उन्हात धरला. त्याच्या पोटावर बारीक इंग्रजी आकडे होते. कंपनीनं ठोकलेले.

“जयमाला,” त्यांनी हाक मारली. “ही कुठं होती?”

जयमाला पदराला हात पुसत आली. “ही व्हय? वाटीत होती. आधीपासनं. ती पण घासली मी, लई गंजली हुती.”

“आधीपासनं म्हंजे?”

“भारतीला गोवर आला होता बघा, दीड वर्षाची असताना. तुमी कारखान्यातनं पळत आलात आणि तसेच तिला घेऊन नगरला दवाखान्यात गेलात. तुमची खाकी पँट धुताना खिशात निघाली. समोर वाटी होती, त्यात टाकली. म्हटलं, आलात की विचारू.” ती थांबली. “मग चार दिवसांनी तुमी आलात ते डोळे लाल करून. म्हणालात, ती वाटी माझ्या नजरेला पडता कामा नये. मी कागदात गुंडाळली आन वर टाकली. परत कुणी हात लावलाय?”

भीमराजनी वाटी मागितली. कडेला कोरलेलं होतं: ‘चि. भारती हिच्या नामकरणाप्रीत्यर्थ, राधाकृष्ण, स्टोअर.’

ते मशीनशेजारी जमिनीवरच बसले. त्या दिवशी राधाकृष्णनं काउंटरवर बेअरिंग, पट्टा, असं बरंच काही मांडलं होतं. तेवढ्यात निरोप आला की पोरीला ताप चढलाय. त्यांनी जे पुढं आलं त्यावर सही केली, हाताला लागलं ते खिशात घातलं आणि पळाले. आणि चार दिवसांनी दीडशे माणसांसमोर… भीमराजांना इतकी लाज वाटली की बायकोकडंही बघवेना. वीस वर्षं त्या माणसासमोर आपण मान वर करून चाललो, आणि तो बिचारा चपलेकडं बघत गेला.

“आता?” जयमालानं हळूच विचारलं.

“आता काय? उद्या मशीन चालू करणार.”

“आन ही चावी?”

“चारचौघांत बोललो हुतो. चारचौघांतच सांगणार.”

“अहो, परवा क्वार्टर सोडून जायचं. कुणाला कळणार हाय?”

“मला कळलंय की,” भीमराज म्हणाले आणि चावी शर्टाच्या खिशात टाकून वर बटण लावलं.

रविवारी सकाळी आठला गेस्ट हाऊसच्या हिरवळीवर निम्मी कॉलनी जमली. काकासाहेब मुक्काम वाढवून हजर. सुप्याच्या एमआयडीसीत नोकरी करणारा जावई आणि भारती सकाळच्या गाडीनं आले. जयमालाच्या हातात तीच वाटी होती, पेढ्यांनी भरलेली. “आज यातच नेणार,” ती घरातून निघताना म्हणाली होती. फक्त एक माणूस आला नव्हता. रस्त्यापलीकडं, हिरवळीच्या अगदी समोर राधाकृष्णांचं क्वार्टर. ते बनियनवर ओट्यावर बसून पेपर वाचत होते. हिरवळीकडं पाठ करून.

भीमराजनी ठरवलं, आधी मशीन चालवायचं, मग तिथं जायचं. दोरी गुंडाळली, ओढली. फुस्स. पुन्हा ओढली. फुस्स.

“दाजी, चोक!” काकासाहेब ओरडले.

“तू पेढे खा,” भीमराज म्हणाले आणि तिसऱ्यांदा अशी ओढली की मशीन एकदम खोकलं, निळा धूर सोडला आणि धडधडायला लागलं. टाळ्या पडल्या. भीमराजनी क्लच दाबला. मशीन निघालं! मूठ नुसती धरायची, ते आपलं आपण चाललंय, मागं कापलेल्या गवताची सरळ पट्टी पडतीय. म्हातारे फिटर डोळे पुसायला लागले. भारतीनं शिट्टी वाजवली.

हिरवळीच्या टोकाला भीमराजनी क्लच सोडला. मशीन थांबलं नाही.

त्यांनी पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. मशीनला त्याचं काही नव्हतं. ब्रेक ओढला, तर ब्रेकची मूठ सैल होऊन हातात लोंबायला लागली. इंजिन बंद करायची पट्टी पुढं होती आणि माणूस मागं होता.

“सोडा! सोडून द्या!” लोक ओरडले.

“सोडलं तर कुणाच्या पायावर जाईल!” भीमराज ओरडले आणि मूठ आणखी घट्ट धरली. चौतीस वर्षांत त्यांनी चालतं मशीन कधी सोडलं नव्हतं. मशीन हिरवळीवरून उतरलं, रस्त्यावर आलं. समोरून दुधाची किटली लावलेली सायकल येत होती, तिला वळसा घालायला भीमराजनी सगळा जोर लावून मूठ वळवली. दूध वाचलं. मशीनचं तोंड मात्र बरोबर राधाकृष्णांच्या उघड्या फाटकाकडं झालं.

राधाकृष्णांच्या अंगणात मोरीच्या पाण्यावर वाढवलेला मेथीचा वाफा होता. भर उन्हाळ्यातली मेथी, कॉलनीत कुणाकडं नव्हती. मशीननं तिच्यात प्रवेश केला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ती अशी एकसारखी कापली की जुड्या बांधायचं तेवढं राहिलं. मग ते ओट्याला जाऊन धडकलं आणि जागच्या जागी गुरगुरत चाकं फिरवायला लागलं. मागं भीमराज, टोपी गेलेली, गुडघ्यापर्यंत मेथी.

राधाकृष्णांनी पेपर खाली केला. मशीनकडं बघितलं. पायातली रबरी चप्पल काढली, वाकले आणि चपलेनं पुढची पट्टी प्लगवर दाबली. मशीन बंद पडलं. वीस वर्षांत ते काही विसरले नव्हते.

मग राधाकृष्ण, वीस वर्षांनी, बोलले.

“क्लचला ब्रेकची स्प्रिंग घातलीस.”

भीमराज धापा टाकत होते. “आक्काच्या पातेल्यामुळं,” ते म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही. मग त्यांनी शर्टाच्या खिशाचं बटण काढलं आणि तळहात पुढं केला. मागून पळत आलेली कॉलनी फाटकात थबकली.

“राधू, ही चावी माझ्याच घरात निघाली. माझ्या खिशातनं. तू दिली हुतीस. मी कँटीनमध्ये बोललो ते चुकीचं बोललो. सगळ्यांसमोर सांगतो, चूक माझी हाय.”

राधाकृष्णांनी वाकून चावीवरचे आकडे बघितले. “मला म्हायती हाय,” ते म्हणाले.

“काय?”

ते उठून आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात पिवळी पडलेली चिठ्ठी होती. ‘शाफ्टची चावी, नग एक, मिळाली.’ खाली भीमराजांची सही, घाईघाईतली.

“तू कँटीनमध्ये बोललास त्याच्या दुसऱ्याच दिवशी गठ्ठ्यात सापडली,” राधाकृष्ण म्हणाले.

“मग दाखवली का न्हाई? चावी हरवली म्हणून तुला मेमो मिळाला की तेव्हा!”

“पुढच्या सोमवारी तुझी हेड फिटरची मुलाखत हुती. सामान हरवणाऱ्याला साहेबानं पास केलं असतं व्हय? मला मेमो चालत हुता. मला कुठं फिटर व्हायचं हुतं?”

भीमराजनी चिठ्ठीवरची सही पुन्हा एकदा बघितली. “आरं, पन नंतर तरी सांगायचं! वीस वर्षं!”

“नंतर तू बोलायचाच बंद झालास,” राधाकृष्ण म्हणाले. “मग सांगायचं कुणाला?”

जयमाला पुढं आली आणि तिनं वाटी त्यांच्यासमोर धरली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिनं पुसलंही नाही. राधाकृष्णांनी पेढा घेतला, वाटीवरचं नाव वाचलं आणि पेढा तोंडात टाकला. मग एकदम स्टोअरकीपर झाले. कानावरचं पेन काढून त्यांनी चिठ्ठी उलटी केली.

“लिही. चावी, नग एक, परत जमा.”

“आता? मी रिटायर झालो की.”

“तू झालास. स्टोअर न्हाई झालं. सही कर.”

भीमराजनी मेथीत उभं राहून सही केली. “आन तुझी मेथी?”

“ती घसाऱ्यात,” राधाकृष्ण म्हणाले आणि बाह्या वर सरकवायला लागले, पण अंगात बनियनच होतं. “चल, खोल मशीन. स्प्रिंग बदलू. नट कशात ठेवतोस?”

भीमराजनी आशेनं जयमालाकडं बघितलं. तिनं वाटी छातीशी धरली. “माझं एक भांडं मिळणार न्हाई.”

“मग आमचं घ्या,” राधाकृष्ण म्हणाले आणि आत वळून ओरडले, “अगं, एखादं पातेलं दे बघू बाहेर!”

“रतनबाई, देऊ नका हो!” जयमाला किंचाळली. पण उशीर झाला होता. आतून रतनबाईंनी एक डबा सरकवला. नवा कोरा, एकदाही चुलीजवळ न गेलेला, कागदाचे कपटे अजून अंगाला चिकटलेले. भीमराजनी तो हातात घेऊन फिरवला. कडेला कोरलं होतं: ‘सौ. रतनबाई यांस, सौ. जयमाला व श्री. भीमराज यांजकडून.’

त्यांनी क्लचचा पहिला नट सोडवला आणि त्यात टाकला.